सायकलच्या गिअर-जोड्यांचा इतिहास आणि मराठवाडा : विशेष संदर्भ नांदेड व लातूर

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासलेखनात रेल्वे, रस्ते व एस. टी. यांची दखल घेतली जाते. सायकलची मात्र क्वचितच घेतली जाते. हैदराबाद–मनमाड लोहमार्गाने नांदेड, तर बार्शी लाइट रेल्वेने १९११ मध्ये लातूर जोडले गेले. तरी स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर पायी किंवा बैलगाडीनेच कापावे लागे. हे अंतर कमी करणारे सर्वसामान्यांचे साधन म्हणजे सायकल होय. या साधनातील दातेरी चक्रांचे गुणोत्तर कोणत्या परिस्थितीत ठरले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकाच गुणोत्तराची सायकल :
स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनिपतची अ‍ॅटलस (१९५१) व लुधियानाची हिरो (१९५६) या कारखान्यांमुळे देशी सायकल खेड्यापर्यंत पोहोचली. २८ इंची चाकांच्या या काळ्या सायकलीत पुढील चेनव्हीलला सर्वसाधारणपणे ४४ व मागील फ्रीव्हीलला १८ दाते असत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.४४ वेळा फिरते व सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावरील प्रौढ स्वारास हे गुणोत्तर योग्यच होते. सुटे भाग थोडे, किंमत कमी आणि दुरुस्ती गावातच होणारी. त्यामुळे एकच गुणोत्तर असणे हे मागासलेपणाचे लक्षण नसून परिस्थितीला अनुरूप अशी निवड होती.

तथापि, भूगोल सर्वत्र सारखा नसतो. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, तर लातूर बालाघाटच्या पठारावर वसले आहे. लोहा–अहमदपूर मार्गे लातूरकडे जाताना खोरे सोडून पठार चढावे लागते. अशा चढावर कॅरिअरवर धान्याचे पोते लादलेल्या स्वाराला खाली उतरून सायकल ढकलण्यावाचून गत्यंतर नसे.

गिअरचा विकास :
चढाचा हा प्रश्न युरोपातही होता. फ्रान्समध्ये ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी बदलत्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. याउलट, १९०३ मध्ये सुरू झालेल्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांचा गिअरला विरोध होता. यंत्राने नव्हे, तर स्नायूंनी जिंकावे, असे त्यांचे मत होते. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरला या शर्यतीत १९३७ मध्ये मान्यता मिळाली. १९८० च्या दशकात डोंगरी सायकलींमुळे पुढील तीन चक्रांची रचना लोकप्रिय झाली. भारतात १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या काळात अशा सायकली मोठ्या शहरांतून लहान शहरांकडे पसरू लागल्या.

जोड्यांची निवड :
यंत्र आले, तरी त्याचे ज्ञान आपोआप येत नाही. पुढे ४८, ३८, २८ व मागे १४ ते २८ दात्यांची सात चक्रे असलेली सायकल ‘एकवीस गिअरची’ म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ४८/२८, ३८/२२ व २८/१६ या तिन्ही जोड्यांचे गुणोत्तर जवळपास १.७ च येते. अशा पुनरावृत्ती वगळल्यास निरनिराळी गुणोत्तरे सुमारे तेराच उरतात. या तिन्हींपैकी ३८/२२ ही जोडी इष्ट होय. कारण तीत चेन सरळ राहते. मोठ्या चक्रासोबत मागील सर्वांत मोठे वा लहानासोबत सर्वांत लहान चक्र वापरल्यास चेन तिरकी ताणली जाऊन दाते लवकर झिजतात. म्हणून सपाट रस्त्यावर मधले, उतारावर मोठे व चढावर लहान चेनव्हील निवडावे आणि चढ लागण्यापूर्वीच, पायडलवर फारसा भार नसताना, गिअर बदलावा, हा नियम ठरतो. २०१२ नंतर डोंगरी सायकलींत पुढे एकच व मागे अनेक चक्रे अशी रचना पुन्हा रूढ झाली. यावरून गिअरची संख्या नव्हे, तर गुणोत्तरांची व्याप्ती महत्त्वाची, हे स्पष्ट होते.

समारोप :
महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात २०११ पासून १२५ तालुक्यांचा समावेश झाला. त्यांत नांदेड जिल्ह्यातील तालुकेही आहेत. या कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. त्या प्रामुख्याने साध्या, बिनगिअरच्या होत्या. प्रौढ स्वार व सपाट रस्ता गृहीत धरून रूढ झालेले गुणोत्तर तेरा वर्षांच्या मुलीला चढावर जड जाणे स्वाभाविक आहे. १८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवल्यास गुणोत्तर २.४४ वरून २ वर येते व पायडलवर लावावा लागणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. सपाटीवरील वेग थोडा कमी होईल. परंतु शाळेच्या वाटेवर वेगापेक्षा न उतरता पोहोचणे महत्त्वाचे आहे. गिअरचा इतिहास हा केवळ यंत्राचा इतिहास नसून, यंत्र बनवताना कोणाचे शरीर व कोणती वाट गृहीत धरली गेली, याचाही इतिहास आहे. मराठवाड्याच्या इतिहासलेखनाने या अंगाकडे लक्ष देणे अगत्याचे वाटते.