पाटी, चासी आणि फोटोतली अनोळखी मोटार

कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगात न सापडणारी मोटार जुन्या फोटोत दिसली की ती कारखान्याने प्रयोगादाखल बनवलेली, जगात एकच असलेली गाडी असावी, अशी बोलवा लगेच उठते. नांदेड, लातूर, परभणी या पट्ट्यातल्या फोटोंच्या बाबतीत ही घाई हमखास फसवते. परदेशी संग्राहक ज्या खुणांवरून प्रायोगिक गाडी ओळखतात, त्याच खुणा आपल्याकडच्या अगदी साध्या, रोज धावणाऱ्या सर्विस मोटारीतही सापडतात. जगावेगळा टप, कुठल्याही मॉडेलशी न जुळणारे दरवाजे आणि कंपनीच्या नावाचा पत्ता नसणं, या त्या खुणा. म्हणून ‘हा नमुना आहे’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढावा. बाकीचे सगळे खुलासे तपासून बाद झाल्यावरच त्याची पाळी येते.

याचं कारण त्या काळच्या धंद्यात आहे. आगगाडी नांदेडला विसाव्या शतकाच्या तोंडावर आली, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला 1911मध्ये पोहोचली, पण स्टेशनापासून तालुक्याच्या गावापर्यंतचा रस्ता मोटारींनीच जोडला. या मोटारी बहुतेक वेळा पूर्ण गाडी म्हणून येत नसत. जनरल मोटर्सने 1928मध्ये मुंबईला शिवडीत जुळणीचा कारखाना काढला. तिथून किंवा थेट बोटीने येई ती नुसती चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, बॉनेट आणि चाकं. मागचा सगळा भाग सुतार आणि लोहार बांधत. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकायचा, बाकं बसवायची, बाजूला ताडपत्रीचे पडदे आणि वर सामानासाठी कठडा. एकाच चासीवर दोन मिस्त्रींनी बांधलेल्या बॉड्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. फोटोत अनोळखी दिसतं ते मिस्त्रीचं काम. कंपनीची ओळख बघायची तर नजर बॉनेटच्या पुढे ठेवावी लागते. रेडिएटरची कड, चाकाला किती नट आहेत, पुढचा आणि मागचा आस यांतलं अंतर चाकाच्या व्यासाच्या किती पट आहे, या गोष्टी बॉडी बांधणाऱ्याच्या हातात नव्हत्या. फोर्डच्या मॉडेल टीचा रेडिएटर 1916पर्यंत पितळी होता, पुढे काळा रंगवलेला आला. या एका खुणेवर गाडीचं वय बरंचसं ठरतं, मग तिच्या पाठीवर टांग्यासारखा टप असो की बसचं खोकं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले फोटो तर आणखी चकवतात. पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा देशभर अनेक बस आणि लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर चालल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूला उभा पत्र्याचा पिंप, त्यातून निघालेले नळ आणि गाळणीचा डबा, असं ते प्रकरण. आज तो फोटो पाहणाऱ्याला वाटतं, कुणा संशोधकाची वाफेवरची गाडी हाती लागली. पिंप दिसला की आधी साल विचारावं.

साल विचारायचं कुणाला? नंबरप्लेटला. राज्याच्या नावाची अक्षरं ते राज्य जन्मण्याआधीच्या पाटीवर येऊ शकत नाहीत, आणि मराठवाड्याची राज्यं एका पिढीत तीनदा बदलली. सप्टेंबर 1948पर्यंत नांदेड निजामाच्या संस्थानात होतं. मग हैदराबाद राज्य आलं, 1 नोव्हेंबर 1956ला द्विभाषिक मुंबई राज्य आणि 1 मे 1960ला महाराष्ट्र. मुंबई राज्याच्या पाट्या ‘बी’ने सुरू होत, महाराष्ट्राच्या ‘एम’ने. आजचं एमएच-26 किंवा लातूरचं एमएच-24 हे 1988चा मोटार वाहन कायदा 1989मध्ये लागू झाल्यानंतरचं. हैदराबादच्या सरकारी बसची खूण तर अक्षरातच आहे. निजामाच्या रेल्वेने 1932मध्ये 27 बस घेऊन रस्ता वाहतुकीचं खातं सुरू केलं. या बसच्या नंबरात ‘झेड’ असावा असा आग्रह सातव्या निजामाने आईच्या, झहरा बेगम यांच्या, नावासाठी धरला असं सांगतात. आंध्र आणि तेलंगणाच्या एसटीच्या पाट्यांवर तो पुढेही राहिला. हैदराबादी पाटीवर ‘झेड’ दिसला तर ती कुणा जहागीरदाराची हौसेची गाडी नसून संस्थानाची बस असण्याचीच शक्यता मोठी.

यावर रास्त आक्षेप असा की पाटी बदलते. 1938ची गाडी 1961मध्ये दुसऱ्या मालकाकडे, दुसऱ्या जिल्ह्यात गेली की तिला नवा नंबर मिळतो, मग पाटीवरून गाडीचं वय कसं ठरवायचं? ठरवायचंच नाही. पाटी फोटोचं वय सांगते, तेही ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच. गाडीचं वय बॉनेट आणि चाकं सांगतात. हे दोन हिशेब वेगळे ठेवले की निम्मे घोटाळे मिटतात. निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर स्टीअरिंग डावीकडे दिसतं आणि ‘परदेशातून खास मागवलेली गाडी’ अशी कथा तयार होते. अशा वेळी मागच्या दुकानाची पाटी वाचावी. निजामी नांदेडात उर्दू पाट्या सर्रास होत्या, आणि त्या आरशातल्यासारख्या दिसत असतील तर खुलासा तिथेच झाला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इतकी कडक कसोटी लावली तर खरा नमुनासुद्धा ‘मिस्त्रीची बॉडी’ म्हणून बाद होईल, आणि ज्यांच्याकडे कारखाना नव्हता, पेटंटचे कागद नव्हते, अशा माणसांवर अन्याय होईल. महाराष्ट्रातलं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण नेमकं असंच आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी, फारसं शालेय शिक्षण नसताना, 1949पासून ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतः रचली. ती दोन माणसांच्या गाडीपासून सुरू झाली आणि सुधारत सुधारत 1970च्या दशकात कुटुंबाच्या गाडीपर्यंत आली. किंमत बारा हजारांच्या आसपास राहील अशी त्यांची अपेक्षा होती. कारखान्यात तिचं उत्पादन कधी सुरू झालं नाही. मारुतीच्या आधी सामान्य माणसाच्या गाडीचा विचार इतक्या चिकाटीने करणाऱ्या माणसाची आठवण आज मुख्यतः थोड्या फोटोंवर आणि बातम्यांवर उरावी, ही मोठी हानी आहे.

पण मीरा या कसोटीला उतरते, आणि फोटोवरूनच उतरते. तिची ठेवण कुठल्या आयात चासीवर बसत नाही. इंजिन मागे असल्याने पुढे रेडिएटरची जाळी लागत नाही, आणि पोलादी कमानपाट्यांच्या जागी रबराचं सस्पेन्शन असल्याने चाकाजवळची ठेवणही वेगळी आहे. मुख्य पुरावा मात्र एका फोटोत नसून अनेक फोटोंच्या क्रमात आहे. आधीची गाडी आणि नंतरची गाडी शेजारी ठेवली की एकच डोकं तोच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवताना दिसतं. जर्मनीत फोक्सवॅगनच्या नमुन्यांचं कालानुक्रमण असंच झालं. 1937च्या तीस प्रायोगिक गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या आणि मागे खिडकीच नव्हती. 1938च्या गाड्यांत बिजागरी पुढे गेली आणि मागे दुभागलेली काच आली. मीरालाही हीच शिस्त लावावी, पाटीसकट. ‘1949ची पहिली मीरा’ अशा ओळीखाली छापलेल्या फोटोतल्या गाडीवर महाराष्ट्राची ‘एम’ने सुरू होणारी पाटी असेल, तर तो फोटो 1960नंतरचाच आहे. त्याने शंकररावांचं काम तसूभर कमी होत नाही. उलट, गाडी खरंच 1949ची असेल तर ती निदान अकरा वर्षं टिकली आणि रस्त्यावर आली, हा अधिक मोलाचा पुरावा हाती येतो.

मराठवाड्यात अशी एखादी मीरा झाली असेल तर तिचाही पुरावा एका सुट्या फोटोत मिळणार नाही. म्हणून नांदेड-लातूरच्या घरांतले मोटारींचे फोटो स्कॅन करताना कडा कापू नयेत. पाटीचा अर्धा आकडा आणि मागच्या दुकानाची अक्षरं नेमकी तिथेच असतात. फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करावा, आणि एकाच गाडीचे दोन वेगळ्या वर्षांचे फोटो असतील तर ‘डुप्लिकेट’ समजून त्यांतला एक काढून टाकू नये.