जहाजभाड्याची परिभाषा व तिचा इतिहास

कोणत्याही जुन्या धंद्याची परिभाषा म्हणजे त्या धंद्यात पूर्वी झालेल्या भांडणांचे निकाल होत. शेतीत खंड, बटई, अर्धेली हे शब्द का रूढ झाले? जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे, आणि पीक बुडाले तर ते कोणाचे बुडाले, हे कधी तरी ठरवावे लागले म्हणून. समुद्रावरच्या व्यापारात ही अडचण शतपट वाढते. तेथे जहाज एकाचे, माल दुसऱ्याचा, भांडवल तिसऱ्याचे, आणि या तिघांपैकी कोणाच्याच ताब्यात नसलेला समुद्र मध्ये पसरलेला. जहाज वेळेवर व सुखरूप बंदरास लागले तर शब्दांकडे कोणी पाहत नाही. ते उशिरा लागले किंवा लागलेच नाही, म्हणजे मग शब्दाशब्दाचा कीस निघतो. चार्टर-पार्टी, डेमरेज, ॲव्हरेज हे शब्द कानाला रुक्ष वाटतात खरे. परंतु नुकसान कोणी सोसावयाचे, या एकाच प्रश्नाची ती निरनिराळी उत्तरे आहेत. ती कशी निघाली आणि ती लिहिणारी लेखणी कोणाच्या हाती होती, एवढ्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नदीवरील नावेचे भाडे स्थळ व काळ पाहून ठरवावे, समुद्रावर मात्र असा ठराविक दर नाही, असा भेद केलेला आहे. नावाड्यांच्या दोषाने माल बिघडला तर तो सर्व नावाड्यांनी मिळून भरून द्यावा, पण दैवी आपत्तीने गेला तर त्यांस दंड नाही, असेही तेथे सांगितले आहे. कौटिल्य आणखी पुढे जातो. पुरेशी माणसे नसलेली, साधने नसलेली किंवा डागडुजी न केलेली नाव बुडाली, तर गेलेल्या मालाची भरपाई नावध्यक्षाने करावी, असा त्याचा नियम आहे. आजच्या जहाजी कायद्यात ‘सीवर्दी’, म्हणजे समुद्रावर जाण्यास लायक जहाज, हा शब्द पदोपदी येतो. त्या लायकीची मुख्य लक्षणे कोणती, तर पुरेसे व जाणते खलाशी, योग्य साधने आणि नीट दुरुस्ती. शब्द इंग्रजी असला तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे.

भूमध्य समुद्राच्या काठी या विचाराला निराळे वळण लागले. वादळात जहाज हलके करण्यासाठी कप्तानाने एका व्यापाऱ्याचा माल समुद्रात फेकला आणि त्यामुळे बाकीच्यांचा माल व जहाज वाचले, तर त्या एकट्याने का बुडावे? जे वाचले त्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात त्याचे नुकसान वाटून घ्यावे, असा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने प्रसिद्ध होता. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने सिद्ध करविलेल्या रोमन कायद्याच्या संग्रहात तो नमूद आहे. पुढे या वाटणीस जे नाव मिळाले त्याचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. अरबीत ‘अवार’ म्हणजे माल खराब होणे. त्यावरून इटालियन ‘अव्हारिया’, फ्रेंच ‘अव्हारी’ आणि इंग्रजी ‘ॲव्हरेज’. नुकसान सर्वांवर सारख्या प्रमाणात वाटण्याची ही रीत व्यापाऱ्यांच्या वह्यांतून गणितात शिरली, आणि ज्याला आपण शाळेत सरासरी म्हणून शिकलो, त्याचे इंग्रजी नाव या बुडालेल्या मालापासून आलेले आहे. जहाजी धंद्यात ‘जनरल ॲव्हरेज’ आजही जुन्याच अर्थाने चालतो. त्याचे नियम यॉर्क येथे १८६४ मध्ये व अँटवर्प येथे १८७७ मध्ये भरलेल्या परिषदांतून घडले, म्हणून त्यांना यॉर्क-अँटवर्प नियम म्हणतात.

आता प्रत्यक्ष भाड्याकडे वळू. जहाज भाड्याने देण्याघेण्याच्या करारास ‘चार्टर-पार्टी’ म्हणतात. यातील ‘पार्टी’चा पक्षाशी किंवा मेजवानीशी संबंध नाही. लॅटिन ‘कार्टा पार्टिता’ म्हणजे दुभागलेला कागद. एकाच कागदावर करार दोनदा लिहून तो मधोमध फाडीत, आणि एक तुकडा जहाजवाल्याकडे, दुसरा व्यापाऱ्याकडे राही. तंटा उद्भवला म्हणजे दोन तुकडे जुळवून पाहावयाचे. या कराराचे मुख्य प्रकार तीन आहेत, आणि ते बैलगाडीच्या दृष्टान्ताने सहज कळतील. अमुक माल अमुक गावी पोहोचवून दे, त्याचे इतके, असे उक्ते ठरविले तर ती ‘व्हॉयेज चार्टर’. यात वाटेत उशीर झाला तर तो गाडीवाल्याच्या अंगावर. गाडी, बैल आणि गाडीवान महिन्याच्या बोलीने घेतले, वैरण आपली आणि कोठे जावयाचे तेही आपण सांगणार, तर ती ‘टाइम चार्टर’. यात वेळेची जोखीम भाडेकऱ्याची. मात्र चाक मोडून गाडी बसून राहिली तर तेवढ्या दिवसांचे भाडे बंद, त्याला ‘ऑफ-हायर’ म्हणतात. आणि नुसती गाडी घेऊन बैल व गाडीवान आपले लावले, तर ती ‘बेअरबोट चार्टर’. यात मालकी तेवढी दुसऱ्याची. बाकी सारा कारभार आणि सारी जबाबदारी भाडेकऱ्याची.

या सर्व परिभाषेत ज्याच्यावर सर्वांत अधिक पैसा आणि सर्वांत अधिक शाई खर्च झाली, तो शब्द म्हणजे डेमरेज. मूळ फ्रेंच धातूचा अर्थ थांबणे, रेंगाळणे. आपल्याकडे रेल्वेच्या मालधक्क्यावरील हमालालाही तो ठाऊक आहे. जहाज उक्ते घेतले म्हणजे माल चढविण्या-उतरविण्यासाठी व्यापाऱ्यास ठराविक दिवस मिळतात, ते ‘ले-डेज’. त्यांत काम लवकर आटोपले तर जहाजवाला ‘डिस्पॅच’ म्हणून बक्षीस देतो, ते बहुधा डेमरेजच्या निम्म्या दराने; आणि दिवस उलटले तर दररोज डेमरेज चढू लागते. मग रविवार धरावयाचा की नाही, सणाची सुट्टी धरावयाची की नाही, पाऊस पडला तो दिवस कामाचा की नाही, हे प्रश्न निघाले आणि ‘वेदर वर्किंग डे’सारखे शब्द घडवावे लागले. मुंबईच्या जुलै महिन्यात गव्हाच्या जहाजाची झाकणे उघडता येत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला या शब्दाची किंमत निराळी सांगावयास नको. परंतु सामान्य नियम असा आहे की एकदा डेमरेज लागले की ते लागले. मग रविवारही भरतो, सणही भरतो आणि पाऊसही भरतो.

एवढे झाल्यावरही, जहाज ‘पोहोचले’ केव्हा म्हणावयाचे, हा प्रश्न उरतोच. ‘योहाना ओल्डेनडॉर्फ’ हे जहाज अमेरिकेहून धान्य घेऊन १९६८ च्या जानेवारीत लिव्हरपूलला आले. धक्क्यावर जागा नव्हती, म्हणून ते गोदीपासून सुमारे १७ मैलांवर, मर्सी नदीच्या मुखाबाहेर नांगरून राहिले. व्यापारी म्हणे, अजून जहाज आलेलेच नाही. मालक म्हणे, आम्ही आलो, तुमचा धक्का आला नाही. हा वाद लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला. थांबण्याची ती नेहमीची जागा बंदराच्या हद्दीत आहे आणि जहाज व्यापाऱ्याच्या पूर्ण स्वाधीन आहे, तेव्हा ते पोहोचलेच, असा निर्णय १९७३ मध्ये झाला. विशेष हे की, त्याच न्यायासनाने १९६१ च्या सुमारास दिलेला आपलाच उलट निकाल त्यासाठी बाजूस सारला. एका क्रियापदाच्या अर्थावर एवढा खर्च दुसऱ्या कोणत्या धंद्यात होत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

हे शब्द इंग्रजीत पक्के झाले याचे कारण इंग्रजी भाषेत नाही, लंडनच्या कॉफीगृहांत आहे. एडवर्ड लॉईडच्या कॉफीगृहात सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजांचा विमा उतरविणारे जमू लागले. थ्रेडनीडल रस्त्यावरील दुसऱ्या एका कॉफीगृहाने १७४४ मध्ये ‘व्हर्जिनिया अँड बाल्टिक’ असे नाव घेतले; तेथे जमणाऱ्या व्यापारी व कप्तानांतून जहाजभाड्याचा प्रसिद्ध बाजार ‘बाल्टिक एक्स्चेंज’ उदयास आला. २०१६ मध्ये तो सिंगापूरच्या शेअरबाजाराने विकत घेतला. छापील करारनामे मागाहून आले. टाइम चार्टरचा न्यूयॉर्कचा नमुना १९१३ चा. कोपनहेगन येथे १९०५ मध्ये स्थापन झालेल्या, आज ‘बिमको’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा व्हॉयेज चार्टरचा ‘जेनकॉन’ नमुना १९२२ चा. छापील कागदाची एक खुबी असते. कोऱ्या जागा दोन्ही पक्ष भरतात. पण छापलेला मजकूर एकानेच लिहिलेला असतो.

मापांचेही तसेच. ‘टन’ हा मूळचा द्राक्षमद्याचा पिंपा. बोर्दोहून इंग्लंडला मद्य नेणारे जहाज किती पिंपे वाहते, त्यावरून त्याचा आकार सांगत. आपल्या कोकणात ‘अमुक खंडीचे गलबत’ म्हणत, तसे. १८५४ च्या इंग्रजी कायद्याने नोंदणीचा टन म्हणजे शंभर घनफूट जागा ठरली, तर वाहण्याचे वजन निराळ्या टनांत राहिले. जहाजात किती माल भरावा, याला मात्र दीर्घकाळ मर्यादाच नव्हती. जुनी जहाजे बेसुमार लादून, भारी विमा उतरवून समुद्रात सोडीत. खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. सॅम्युएल प्लिमसॉल या खासदाराने त्याविरुद्ध रान उठविले, तेव्हा १८७६ मध्ये जहाजाच्या अंगावर भाररेषा काढण्याची सक्ती झाली. पण ती रेषा कोठे काढावयाची हे मालकाच्याच मर्जीवर राहिले. ते कायद्याने ठरण्यास १८९० साल उजाडावे लागले. शब्द मिळाला म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या देशास या गोष्टीचा अनुभव फार कडवट आला. इंग्लंड-कलकत्ता मार्गावरील आगबोट कंपन्यांनी १८७५ मध्ये आपसांत दर ठरविण्यासाठी ‘कॉन्फरन्स’ स्थापन केली, आणि दोन वर्षांनी ‘डिफर्ड रिबेट’ची युक्ती निघाली. डिफर्ड रिबेट म्हणजे लांबविलेली सूट. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यातील काही हिस्सा परत मिळे, पण तो काही महिन्यांनी आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणाच्या जहाजातून एक गठ्ठाही पाठविला नसेल तरच. सूट म्हणावी तर ती व्यापाऱ्याच्याच पैशांची, आणि बेडी म्हणावी तर तिला नाव सुटीचे!

जमशेटजी टाटांनी ही बेडी तोडण्याचा प्रयत्न केला. मुंबईचे सूत चीन-जपानला नेणाऱ्या परदेशी कंपन्यांचे दर गिरण्यांना परवडेनात, तेव्हा १८९३ मध्ये जपानच्या निप्पोन युसेन कैशा कंपनीशी त्यांनी सहकार्य केले आणि ‘ॲनी बॅरो’ व ‘लिंडिसफार्न’ ही दोन इंग्रजी जहाजे भाड्याने घेतली. पी. अँड ओ. कंपनीने दर एकदम खाली आणले. टाटांशी संबंध न ठेवणाऱ्यांस सवलती देऊ केल्या. ‘लिंडिसफार्न’ सूत नेण्यास लायक नाही अशी अफवाही बाजारात उठली. खलाशांच्या व मालाच्या रक्षणासाठी जन्मलेला ‘लायक जहाज’ हा शब्द प्रतिस्पर्ध्याला बुडविण्यासाठी कसा वापरता येतो, त्याचे हे उदाहरण. टाटांची जहाजे परत गेली. जपानी कंपनी टिकली, कारण तिच्यामागे तिचे सरकार व तिचे गिरणीवाले उभे होते.

पुढे १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंदिया कंपनी काढली. सोलापूरला जन्मलेल्या वालचंदांनी या वेळी भाड्याचे नव्हे, मालकीचे जहाज घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण दरयुद्ध पुन्हा झाले आणि १९२३ च्या करारात सिंदियाला दहा वर्षांसाठी ७५,००० टनांची मर्यादा मान्य करावी लागली. किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांस राखून ठेवावी, यासाठी साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. परकी सत्ता असेतो त्याचा कायदा झाला नाही.

आजची स्थिती काय आहे? २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र कंटेनर-जहाज सुएझच्या कालव्यात सहा दिवस आडवे पडले. मालक जपानी, टाइम चार्टरवर घेणारी कंपनी तैवानची, व्यवस्थापक जर्मन, झेंडा पनामाचा, आणि जहाजावरचे पंचवीसही जण भारतीय! मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केले, आणि आपल्या कंटेनरला ओरखडाही न उठलेल्या व्यापाऱ्यांना हमी लिहून दिल्याखेरीज माल मिळेना. ऱ्होड्सचा तो जुना नियम त्यांच्यापैकी अनेकांना त्या दिवशी प्रथम कळला असेल. सारंग, तांडेल, खलाशी ही नावे ज्या किनाऱ्याने जगाच्या जहाजांना पुरविली, त्या आपल्या लोकांचे हात जहाजावर नेहमीच होते. करार लिहिणाऱ्या मेजापाशी मात्र ते क्वचितच होते.

२०२५ मध्ये आपल्या संसदेने बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा आणि सागरी मालवाहतुकीचा १९२५ चा, असे दोन्ही जुने कायदे बाजूस सारून त्यांच्या जागी नवे कायदे केले. हे योग्यच झाले. परंतु कायदा पुस्तकात बदलून भागत नाही. नाशिकचा द्राक्षबागायतदार आज न्हावाशेवा बंदरातून युरोपला कंटेनर धाडतो. फुकट दिवस संपल्यावर कंटेनर बंदरात राहिला तर डेमरेज, बंदराबाहेर आपल्याकडे अडकून राहिला तर ‘डिटेन्शन’. हा भेद त्याला बिल हाती पडल्यावर नव्हे, सही करण्यापूर्वी कळला पाहिजे. खंड आणि बटई यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही, कारण ते शब्द त्याचे आहेत. जहाजभाड्याचे शब्दही तितकेच त्याचे होतील, तेव्हा छापील कागदावरचा मजकूर बदलून मागण्याचे धैर्य त्याला येईल.