सूक्ष्मनियंत्रकाच्या डीबग जोडणीचा घड्याळवेग

सूक्ष्मनियंत्रकात (मायक्रोकंट्रोलर) आज्ञावली भरताना किंवा तिच्यातील दोष शोधताना संगणकाला जोडलेले उपकरण ज्या गतीने स्पंद पाठवते, त्या गतीस डीबग जोडणीचा घड्याळवेग म्हणतात. येथे घड्याळ म्हणजे वेळ दाखवणारे यंत्र नव्हे, तर ठरावीक अंतराने येणारे विद्युत स्पंद होत. जेटॅग जोडणीत (आयईईई ११४९.१, १९९०) ते टीसीके या तारेवरून, तर एव्हीआर कुळातील चिपांच्या आयएसपी जोडणीत एससीके या तारेवरून जातात.

मर्यादेचे कारण

अनेक चिपा बाहेरून आलेला स्पंद स्वतःच्या अंतर्गत घड्याळाच्या ठोक्यावर तपासतात. दोन ठोक्यांच्या मध्येच स्पंद येऊन गेला, तर त्याची नोंदच होत नाही. श्रुतलेखन भरभर सांगितले की मुलांचे शब्द गळतात, तसाच हा प्रकार. म्हणून एव्हीआरचे घड्याळ १२ मेगाहर्ट्झपेक्षा कमी असल्यास एससीके त्याच्या एक चतुर्थांशाहून कमी, आणि १२ किंवा अधिक असल्यास एक षष्ठांशाहून कमी ठेवावा लागतो. एआरएम७टीडीएमआय-एस या गाभ्यात जेटॅगसाठीही एक षष्ठांशाचीच मर्यादा आहे. मात्र तेथे आरटीसीके ही तार जोडलेली असल्यास चिप प्रत्येक स्पंदाची पोच देते आणि उपकरण त्यानुसार आपला वेग आवरते.

‘मेलेली’ चिप

एटीमेगा३२८पी ही चिप कारखान्यातून येते तेव्हा तिचा ८ मेगाहर्ट्झचा अंतर्गत दोलक आठने भागलेला असतो, म्हणजे घड्याळ १ मेगाहर्ट्झ. अर्थात एससीके २५० किलोहर्ट्झपेक्षा कमी हवा. यूएसबीएएसपी या स्वस्त व लोकप्रिय प्रोग्रामरचा नेहमीचा वेग ३७५ किलोहर्ट्झ असल्याने कोरी चिप उत्तर देत नाही, आणि नवशिक्या तिला सदोष समजून टाकून देतो. यासाठी त्या प्रोग्रामरवर मंद एससीकेचा जंपर दिलेला असतो. तो जोडल्यास वेग ८ किलोहर्ट्झवर येतो. फ्यूज बदलून १२८ किलोहर्ट्झचा दोलक निवडला, तर मर्यादा ३२ किलोहर्ट्झवर उतरते. तेव्हाही हाच जंपर कामी येतो. एव्हीआरड्यूड या आज्ञावलीत ‘बी’ या पर्यायाने स्पंदाचा कालावधी मायक्रोसेकंदांत देता येतो: ५ म्हणजे २०० किलोहर्ट्झ, ५० म्हणजे २०. फ्यूजने बाह्य स्फटिक निवडला, पण तो बसवलाच नाही, तर मात्र वेग कमी करून उपयोग नाही. चिपेला घड्याळच नसते, ते बाहेरून पुरवावे लागते.

कॉर्टेक्स-एम गाभ्यांच्या एसडब्ल्यूडी जोडणीत अंतर्गत घड्याळाशी असे गुणोत्तर सहसा आड येत नाही. तेथे लांब तारा, सैल जोड आणि कच्ची भू-जोडणी यांमुळे अडचण येते. अशा वेळी प्रथम कमी वेगाने संपर्क साधून मग तो वाढवणे इष्ट ठरते.