बर्फ आला जहाजातून, चव होती आपल्याच घरात



वैशाखाचं ऊन तापायला लागलं की पनवेलच्या बाजारात दोन गोष्टी दिसतात. एका बाजूला रंगीत बाटल्या मांडलेली बर्फाच्या गोळ्याची गाडी, आणि तिच्यापासून दहा पावलांवर पाटीत जांभळं, करवंदं घेऊन बसलेली वाडीवरची बाई. गोळ्याच्या गाडीभोवती पोरांची झुंबड असते. पाटीवाली मात्र दुपार कलायला लागली की भाव कमी करायला लागते, कारण तिचा माल उद्यापर्यंत टिकणार नसतो. आमच्या गटाच्या बैठकीत एकदा हाच विषय निघाला. गोळ्याच्या बाटलीवर नाव जांभळाचं असतं, पण त्या बाटलीत जांभूळ असतंच असं नाही. मग खरं जांभूळ शेजारी पडून असताना आपण रंगाचं पाणी का विकत घेतो? त्या प्रश्नामागे आम्ही जरा वाचन केलं. घरी बर्फाळ सरबत कसं करायचं ते आज सांगणारच आहोत, पण आधी हा बर्फ आपल्याकडे आला कसा, त्याची गोष्ट ऐका.

पूर्वी उन्हाळ्यातला बर्फ म्हणजे राजेरजवाड्यांचं काम. अकबर बादशहाच्या दरबाराची माहिती देणाऱ्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात पाणी थंड करण्याची तऱ्हा दिली आहे. सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत वापरतात तो क्षार, पाण्यात टाकला की ते पाणी गार होतं. त्यात पिण्याच्या पाण्याचं भांडं फिरवायचं. पुढे दरबार लाहोरला गेल्यावर हिमालयाच्या बाजूने बर्फही येऊ लागला. पण तो सगळा खटाटोप बादशहाच्या ताटासाठी. शेतकऱ्याच्या बायकोला मातीचं मडकं आणि त्यात टाकलेला वाळा, एवढाच गारवा ठाऊक.

मुंबईला बर्फ आला तो थेट अमेरिकेतून, जहाजाने. आम्हालाही आधी हे खरं वाटेना. अमेरिकेत बोस्टन नावाचं बंदर आहे. तिकडे थंडीत तळी गोठतात. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने त्या तळ्यांवरच्या बर्फाच्या लाद्या कापून, लाकडाच्या भुश्यात दाबून, जहाजात भरून परदेशी विकायला सुरुवात केली. 1833 साली त्याचं जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याकडे निघालं. चार महिन्यांच्या प्रवासात, गरम समुद्र ओलांडताना, वाटेत बराच बर्फ वितळला. तरी 100 टनांच्या आसपास बर्फ पोहोचला आणि विकलाही गेला.

पुढच्याच वर्षी, 1834 मध्ये, मुंबईत सर जमशेटजी जिजीभाईंनी घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं. दुसऱ्या दिवशी यजमानांना आणि पाहुण्यांनाही सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने त्यांची चांगलीच टर उडवली, अशी हकिकत सांगतात. पुढे मुंबईच्या कोटात सेंट अँड्र्यूज चर्चजवळ बर्फ साठवायला खास जाड भिंतींचं बर्फघर बांधलं गेलं. साहेब लोक, श्रीमंत शेठ आणि तापाचे रोगी यांच्यासाठी तिथून बर्फ जायचा.

आता त्याच काळातलं आपलं पनवेल डोळ्यांसमोर आणा. 1830 मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला होता. रेल्वे अजून यायची होती. मुंबईहून पुण्याला जाणारी माणसं होडीने पनवेलच्या खाडीत उतरत आणि इथून घाटाची वाट धरत. म्हणजे बर्फघर आपल्यापासून एका खाडीच्या अंतरावर. पण आपल्या पणजीच्या पणजीने बर्फ हातात धरला असेल, असं आम्हाला वाटत नाही.

मग ती उन्हाळ्यात काय करत होती? ती पन्हं करत होती. चैत्रात गौर बसवायची, आंब्याची डाळ वाटायची, कैरी उकडून गूळ-वेलची घालून पन्हं करायचं आणि शेजारणींना हळदीकुंकवाला बोलवायचं. दक्षिण कोकणातल्या बायका रतांब्यांच्या साली साखरेत घालून बरणी उन्हात ठेवत आणि अमृत कोकम करत, किंवा मीठ घालून आगळ काढत. उन्हाने घामावाटे पाणी आणि मीठ जातं. ते भरून काढायला आंबट, गोड आणि चिमूटभर खारट असं पेय लागतं. हे शास्त्र आपल्या बायकांनी शाळेत न जाता जमवलं होतं. गारव्यासाठी त्यांना अमेरिकेचं तळं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही लपवणार नाही. चैत्रगौरीचं ते पन्हं सगळ्याजणींच्या वाट्याला येत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं नसे. आजही कित्येक घरांत नसतं. इथे बर्फाच्याच गोष्टीतला एक धागा सांगावासा वाटतो. ट्यूडरच्या बर्फासाठी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, 1842 मध्ये बर्फघर बांधलं होतं. ते अजून उभं आहे. बर्फाचा धंदा बसल्यावर ती इमारत मोकळी पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बालविधवांचं वसतिगृह आलं. ते चालवणाऱ्या सिस्टर सुब्बलक्ष्मी स्वतः बालविधवा होत्या, आणि हट्टाने शिकून पदवीधर झाल्या होत्या. ज्या घरात साहेबांसाठी बर्फ ठेवला जात होता, त्या घरात समाजाने बाजूला सारलेल्या मुली राहून शिकू लागल्या. आमच्या गटात आता पन्हं सगळ्याजणी एकत्र पितात. आपापल्या गटात ही सुरुवात करायला एक पातेलं पुरतं.

अमेरिकेतून येणाऱ्या बर्फाचा इथला धंदा बसला, कारण 1870 नंतर आपल्याच देशात यंत्राने बर्फ तयार व्हायला लागला. बर्फ स्वस्त झाला, हातगाडीवर आला. सुताराचा रंधा उलटा बसवावा तशा पात्यावर लादी घासून गोळा होऊ लागला, सायकलवरच्या पेटीतून ‘गारेगार’ गावोगाव पोहोचला.

या प्रवासात एका बाईचंही नाव आहे. पॉटमधलं आइस्क्रीम आठवतं का? लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि आळीपाळीने फिरवायचा दांडा. हाताने फिरवायच्या या पॉटचं पेटंट 1843 साली अमेरिकेतल्या नॅन्सी जॉन्सन या बाईने घेतलं. त्याआधी डबा पुन्हा पुन्हा उघडून आतलं मिश्रण खरवडावं लागे. त्या कष्टावर बाईनेच उपाय काढला. यातलं मीठही महत्त्वाचं. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो. त्यात मीठ मिसळलं की तो वितळताना आणखी उष्णता ओढून घेतो आणि शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच आतलं दूध किंवा रस गोठतो. आपल्या पेण-उरणच्या मिठागरांतलं खडे मीठ या कामाला उत्तम. ज्यांच्याकडे फ्रिज नाही किंवा वीज जाते, त्यांना आजही हा मार्ग आहे. फक्त खारट पाणी डब्यात जाऊ देऊ नका.

फ्रिजची गोष्ट त्यामानाने अलीकडची. आपल्या देशात बनलेला पहिला फ्रिज 1958 मध्ये गोदरेजने काढला. तोही कित्येक वर्षं शहरातल्या मोजक्या घरांतच होता. आज आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त घरांत फ्रिज आहे. पण त्याच्या बर्फाच्या कप्प्यात काय असतं? मासळी आणि पाण्याच्या बाटल्या. जो गारवा मिळवायला जमशेटजींना समुद्रापलीकडून बर्फ आणावा लागला, तो आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि आपण पोरांना पैसे देऊन गाडीवर पाठवतो.

गाडीवाल्यावर आमचा राग नाही, तोही पोटासाठीच उन्हात उभा असतो. पण बर्फ कुठल्या पाण्याचा, हे त्यालाही माहीत नसतं. मासळी ताजी ठेवायला कारखान्यात जो बर्फ होतो, तो खाण्यासाठी नसतो. दोन्ही बर्फ दिसायला सारखेच. म्हणून 2018 साली सरकारने नियम केला, की खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा. निळसर बर्फ दिसला तर तो पोटात जाऊ देऊ नका. आणि एक गैरसमज काढून टाका. गोठवल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत, ते नुसते निपचित पडतात. बर्फ वितळला की पुन्हा जागे होतात. आमच्यातल्या एकीच्या मुलाला जत्रेतला बर्फ खाऊन चार दिवस सलाईनवर ठेवावं लागलं होतं. गोळा दहा रुपयांचा होता, दवाखान्यासाठी गटातून कर्ज काढावं लागलं.

तर आता आमची कृती. दोन वाट्या जांभळाचा गर घ्या. जांभळं धुवून, हाताने कुस्करून चाळणीवर गाळा. बिया मिक्सरमध्ये फिरवू नका, कडवट होतं. एक वाटी साखर एक वाटी पाण्यात उकळून पूर्ण गार करा. त्यात गर, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. उथळ स्टीलच्या डब्यात ओतून झाकण लावून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दोन तासांनी कडा गोठतील. काट्याने किंवा चमच्याने खरवडून सारखं करा. दर अर्ध्या तासाने असं तीन-चार वेळा केलं की दाणेदार, भुसभुशीत बर्फ होतो. ग्लासात अर्धा बर्फ आणि वर उकळून गार केलेलं पाणी, झालं सरबत.

साखर फार कमी करू नका. नुसतं पाणी दगडासारखं गोठतं. साखर किंवा मीठ विरघळलेलं पाणी उशिरा आणि मऊ गोठतं. पॉटमधल्या मिठाचंच हे तत्त्व. पन्हं असंच करता येतं: एक वाटी उकडलेल्या कैरीचा गर, दीड-दोन वाट्या गूळ, वेलची, चिमूटभर मीठ आणि दोन वाट्या पाणी. कोकम आगळात आधीच मीठ असतं, म्हणून त्यात वेगळं मीठ घालायचं नाही. मासळीचा डबा त्याच कप्प्यात असेल तर तो घट्ट झाकणाचा आणि खालच्या बाजूला ठेवा. घरात मधुमेह असेल तर हे सरबत बेतानेच.

आता त्या पाटीवाल्या बाईकडे परत येऊ. ट्यूडरला तळ्यातलं पाणी फुकट मिळत होतं. त्याचा खरा खर्च होता तो माल टिकवण्यावर, भुसा आणि जाड भिंती यांवर. माल टिकवता आला म्हणून तो भाव ठरवू शकला. कर्नाळ्याच्या, माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतली आपली कातकरी, ठाकर बहीण पहाटे रानात जाते, काटे टोचून घेते, पण तिला माल टिकवता येत नाही. म्हणून संध्याकाळी समोरचा म्हणेल तो भाव तिला घ्यावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने एका मैत्रिणीच्या घरी जुना डीप फ्रीजर बसवला. संध्याकाळी उरलेली जांभळं आम्ही सकाळच्याच भावाने घेतली, त्याच रात्री गर काढून गोठवला आणि पुढे लग्नसराईत सरबताच्या ऑर्डरी घेतल्या. पहिल्या महिन्यात हिशोब जेमतेम बसला. विजेचं बिल आम्ही धरलंच नव्हतं! दुसऱ्या महिन्यात ते धरलं आणि ग्लासाची किंमत दोन रुपयांनी वाढवली. वाडीवरच्या दोघीजणी आता गटाच्या सभासद झाल्या आहेत, भाव ठरवताना त्या बैठकीत बसतात. तुम्ही असं काही विकायचं ठरवलंत, तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी आधी करून घ्या आणि विजेचं बिल पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

या उन्हाळ्यात एवढंच करा. गाडीवर पाठवायचे दहा रुपये पाटीवालीला द्या. जांभळं घरी आणा, पोरांनाच कुस्करायला बसवा. हात जांभळे होतील, कपडेही होतील, ते होऊ द्या. आणि शेजारच्या ज्या बाईला कुणी बोलवत नाही, तिला पहिला ग्लास द्या.