भाजीपाल्याची जुनी पिकअप : बॅटरी बदलण्याआधी काय तपासावे?

जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. तेव्हापासून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत थेट विक्रीची वाट अधिक मोकळी झाली. संध्याकाळी काढलेली मेथी-कोथिंबीर पहाटे तिथे लागते. दोन-अडीच लाख किलोमीटर चाललेली पिकअप मधेच कसारा घाटात अडकली, तर जुड्यांच्या ढिगात उष्णता वाढून पाला पिवळा पडतो. गाडीची दुरुस्ती एक वेळ परवडते, फेरीचा माल गेलेला परवडत नाही.

अशा गाड्यांना विजेचे बिघाड फार छळतात. संशय आधी बॅटरीवर जातो, नवी बॅटरी बसते आणि काही दिवसांत तीही उतरते. कारण दोष अनेकदा चार्जिंगमध्ये किंवा गंजलेल्या जोडणीत असतो. म्हणून आधी मोजावे, मग खर्च करावा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

मोजणी

गाडी रात्रभर उभी असताना १२ व्होल्टची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर ती आधी चार्ज करावी. चार्ज केल्यावरही सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना, हेडलाइट लावूनही, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर फॅन बेल्टचा ताण, अल्टरनेटरच्या मागची जोडणी आणि कार्बन ब्रश पाहावेत. १५ च्या आसपास गेले तर रेग्युलेटर खराब आहे. त्याने बॅटरीतील पाणी आटते.

यानंतरची तपासणी सहसा कोणी करत नाही, पण मला ती सर्वांत उपयोगी वाटते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला ठेवून दुसऱ्याने सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजला आहे. तो घासून, घट्ट करून पेट्रोलियम जेली लावावी. मंद हेडलाइट आणि जड फिरणारा सेल्फ बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारतात.

उपनगरांतील खारी, दमट हवा गंज वाढवतेच. त्यात परतीच्या फेरीला खताच्या गोण्या येतात. सांडलेले खत ओलावा धरते आणि भाजीच्या पाण्याबरोबर टेललाइटच्या वायरिंगपर्यंत पोहोचते. खत उतरवल्यावर हौदा धुऊन वाळवावा.

विक्रीच्या जागी

इंजिन बंद ठेवून हेडलाइटच्या उजेडात विक्री करू नये. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर खातात; तीन तासांत ३० अँपिअर-तास जातात आणि जुनी बॅटरी मग सेल्फ उचलत नाही. त्याऐवजी फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी वापरावी. चार्ज असेल तर तिच्यावर १० वॉटचा एलईडी दिवा चार तास सहज चालतो.

हे टाळावे

फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालू नये. वायरिंग पेटू शकते. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी सवय कॉमन रेल गाडीत महागात पडते, ईसीयू जळू शकतो. हौद्याला वेल्डिंग करण्यापूर्वीही निगेटिव्ह टर्मिनल काढावा. जुन्या यांत्रिक पंपाची डिझेल गाडी चार्जिंग बंद पडले तरी दिवसा बरेच अंतर कापते. कॉमन रेल गाडी व्होल्टेज घसरताच थांबते. चार्जिंगचा लाल दिवा लागला की तिला पुढच्या गॅरेजपर्यंतच न्यावे.

पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडल्यास पुन्हा सेल्फ मारू नये. इंजिनात पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी.

वाटेत अडकल्यास ताडपत्री बाजूने उघडून हवा खेळू द्यावी, क्रेटमध्ये अंतर ठेवावे. दुसरी गाडी मिळाली तर आधी पालेभाजी हलवावी. कांदा, बटाटा, भोपळा थांबू शकतात.