अजगराची ऊब

कोंबडी अंडी उबवते हे आपण रोज पाहतो. पण थंड रक्ताचा अजगर? १८३०च्या दशकात लामार-पिको हा फ्रेंच प्रवासी भारतातून परतला आणि सांगू लागला, की अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून अंगाची ऊब देते. पॅरिसच्या विद्वानांनी त्याचे म्हणणे उडवून लावले.

१८४१ साली त्याच पॅरिसमधल्या प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली. वालेंसिएन या शास्त्रज्ञाने वेटोळ्यात थर्मामीटर ठेवला. पारा भोवतालच्या हवेपेक्षा बराच वर गेला! पुढे १९६६मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवरून कळले, की स्नायू पुन्हा पुन्हा आखडून ती ही ऊब निर्माण करते.

पश्चिम आफ्रिकेतला, आज अनेक देशांत पाळला जाणारा बॉल पायथन मात्र अशी ऊब निर्माण करत नाही. त्याची मादी अंड्यांना कवेत घेते, त्यामुळे ती सुकत नाहीत. म्हणून पाळणारे अंडी पेटीत ठेवून सुमारे ३१ अंश उष्णता आणि ओल राखतात. ही अंडी कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवायची नसतात. दोनेक महिन्यांत पिल्ले बाहेर येतात.

थर्मामीटर तर पॅरिसमध्ये आधीही होता. डोळ्यांनी पाहून आलेल्याचे ऐकून घेणे, तेवढे राहून गेले होते.