बोधी : मुलाचे नाव की मुलीचे?



आपल्या वस्तीत अलीकडे 'बोधी' हे नाव बरेच ऐकू येते. विहाराच्या अंगणात "ए बोधी" अशी हाक मारली की एक पोरगा आणि एक पोरगी, दोघंही मागं वळून बघतात. जुनी माणसं विचारतात, हे नाव मुलाचं की मुलीचं? म्हणून सूतगिरणीच्या रात्रपाळीतून वेळ काढून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या आजोबांच्या पिढीत कचरू, धोंडू, दगडू अशी नावं असत. पोरं जगत नसत, नजर लागू नये म्हणून ती ठेवीत, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. शूद्राचे नाव निंदा दाखवणारे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन झाले ती हीच मनुस्मृती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि घराघरांत गौतम, राहुल, आनंद, सुजाता, संघमित्रा खेळू लागले. (सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे तर बाबासाहेबांनी काढलेल्या महाविद्यालयांच्या पाट्यांवरच होती.) मात्र यात मुलांची नावे वेगळी, मुलींची वेगळी.

बोधीचे तसे नाही. 'बुध्' म्हणजे जाणणे, जागे होणे. त्यावरून बोधी, म्हणजे सम्यक ज्ञान. संस्कृत कोशात हा शब्द पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी असा दोन्ही दिला आहे. माणसाचे नाव म्हणूनही तो आजचा नाही. थेरीगाथेत इसिदासी भिक्खुणीची सोबतीण बोधी नावाची आहे. पाटलिपुत्रात भिक्षेहून येऊन, पात्रं धुऊन दोघी निवांत बसल्या असता बोधी विचारते की बाई, तू घर का सोडलंस? मग इसिदासी नवऱ्यांनी एकामागून एक कसं टाकलं ते सगळं सांगते.

आणि मज्झिम निकायात बोधी नावाचा राजकुमार आहे. त्याची आई गरोदरपणी कोसंबीला भगवंतांकडे गेली आणि म्हणाली की पोटात कुमार असो वा कुमारी, ते बाळ बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जात आहे. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तसेच बसलो. मुलगाच व्हावा म्हणून गुपचूप नवस करणारी माणसं आपल्याही घरात आहेत, खोटं कशाला बोला!

आमच्या नातीचे नाव बोधीच. शाळेच्या रजिस्टरात नाव बघून कारकुनाने बेधडक 'मुलगा' लिहिले. दुरुस्तीसाठी तीन चकरा झाल्या. कुणी सल्ला दिला, 'बोधिका' करा, भानगड मिटेल. आम्हीही जरा डळमळलो होतो. सूनबाई म्हणाली, "नाव नाही बदलायचं, मामा. चूक त्यांची आहे, तेच खोडतील." चौथ्या दिवशी ती एकटीच गेली आणि आपल्या डोळ्यांसमोर खोडून घेऊन आली.